युरोपच्या पाण्याची नाडीपरीक्षा

जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तीन देशांच्या मध्ये बोडनसे नावाचं मोठं सरोवर आहे. तिथल्या कोळ्यांचं पोट पिढ्यान्‌पिढ्या फेल्खेन नावाच्या चंदेरी माशावर चालत आलं. १ जानेवारी २०२४ पासून सरोवराच्या मुख्य भागात हा मासा पकडायला तीन वर्षांची बंदी आली, कारण पकडण्याजोगा मासा फारसा उरलाच नव्हता. आणि पाणी? ते १९५० च्या दशकानंतर कधी नव्हतं इतकं नितळ आहे. चाळीस लाखांहून अधिक लोक ते पितात.

हे नितळपण आपोआप आलेलं नाही. गावोगावचं सांडपाणी, साबणातला आणि शेतातला स्फुरद सरोवरात येत राहिला आणि १९७९ च्या सुमारास लिटरमागे ८० मायक्रोग्रॅमच्या वर गेला. शेवाळ माजलं. ते मरून तळाशी कुजू लागलं आणि खोल पाण्यातला प्राणवायू संपत चालला. काठावरच्या देशांनी १९५९ मध्येच संयुक्त आयोग नेमला होता. त्यांनी सांडपाणी शुद्धीकरणावर अफाट पैसा खर्च केला आणि स्फुरद ६-७ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणला. मग कोळी म्हणू लागले की पाणी उपाशी झालंय, थोडा स्फुरद पुन्हा सोडा. सरकारांनी नकार दिला. मला तो नकार योग्य वाटतो, पण कोळ्यांचं दुःख खोटं नाही. अन्न कमी झालं हे खरं. पण त्याच काळात स्टिकलबॅक हा इवलासा काटेरी मासा उघड्या पाण्यात बेसुमार वाढला आणि फेल्खेनची अंडी, पिल्लं व अन्न यांवर तुटून पडला. २०१६ मध्ये काळ्या समुद्राच्या बाजूचे क्वागा शिंपले इथे सापडले, आणि ते पाण्यातला सूक्ष्म जीवांचा आहार गाळून घेऊ लागले. शिवाय पाणी तापतंय. या सगळ्यातली बहुतेक कारणं प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या बाटलीत दिसत नाहीत.

युरोपातल्या पाण्याचं आरोग्य कसं आहे, या प्रश्नाची सगळी अडचण या एका सरोवरात साठलेली आहे. पाणी साफ होणं आणि त्यातली जीवसृष्टी सावरणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम युरोपने बरंचसं केलं. दुसऱ्यात तो अडला आहे, आणि तो नेमका कुठे अडला हे पाहण्यासारखं आहे.

नदी जिवंत आहे की नाही हे तिच्यातल्या जिवांना विचारावं, ही कल्पना तिथे जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच रॉबर्ट कोल्कवित्झ आणि माक्सिमिलियान मार्सोन या जर्मन शास्त्रज्ञांनी कोणता जीव किती घाणीत तगतो याच्या याद्या करून त्यावरून पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत मांडली. पण तिला सगळ्या खंडाच्या कायद्याचं बळ मिळालं ते २३ ऑक्टोबर २००० रोजी, युरोपीय संघाने जल चौकट निर्देश मंजूर केला तेव्हा. पाणी हा इतर मालासारखा माल नव्हे, तो वारसा आहे, अशी या कायद्याची सुरुवात आहे. मला तो गेल्या पंचवीस वर्षांतला जगातला सर्वांत धीट पर्यावरण कायदा वाटतो. नदीत मासे कोणते आहेत, तळाच्या गाळात कोणत्या अळ्या आणि शिंपले आहेत, काठची वनस्पती आणि शेवाळ कोणतं आहे, हे तो विचारतो. माणसाचा हात फारसा न लागलेल्या त्याच जातीच्या नदीशी तुलना करून तो पाच प्रतींपैकी एक प्रत देतो: उत्तम, चांगली, मध्यम, खराब, वाईट. रासायनिक तपासणी वेगळी होते आणि तिचे निकाल दोनच असतात, उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. त्यासाठी आधी ३३ घातक द्रव्यांची यादी होती, ती २०१३ मध्ये ४५ वर गेली.

आणि एक कडक अट. ज्या घटकाचा निकाल सर्वांत वाईट, तोच त्या पाण्याचा अंतिम निकाल. शाळेत एका विषयात नापास झालं की वर्ग चढत नाही, तसंच. शेवाळ उत्तम, वनस्पती उत्तम, पण मासे मध्यम, तर नदी मध्यम.

सगळं पाणी 'चांगल्या' प्रतीला नेण्याची मूळ मुदत होती २०१५. सवलतींसह शेवटची मुदत आहे २०२७. युरोपीय पर्यावरण संस्थेने २०२४ च्या अहवालात १९ सदस्य देश आणि नॉर्वे यांच्या सुमारे १ लाख २० हजार जलसाठ्यांचा हिशेब मांडला. नद्या, तळी, खाड्या आणि किनारे धरून ३७ टक्के पाणी परिसंस्थेच्या दृष्टीने 'चांगलं' किंवा त्याहून वर होतं. रासायनिक कसोटीला उतरलेलं पाणी २९ टक्के. २०१८ च्या अहवालात हेच आकडे अनुक्रमे सुमारे ४० आणि ३८ होते.

म्हणजे पाणी बिघडलं का? बहुतांशी नाही. मापं कडक झाली, द्रव्यं वाढली, पूर्वी न तपासलेलं तपासलं गेलं. शिवाय एक घटक सुधारला तरी दुसरा मागे असेल, तर तो सुधार अंतिम निकालात दिसत नाही. एवढे कष्ट करून आकडा हलत नाही म्हणून ही 'सर्वांत वाईट तोच निकाल' अट सैल करावी, अशी मागणी काही सरकारं आणि उद्योग वर्षानुवर्षं करत आहेत. त्यांची कुचंबणा मी समजू शकतो, पण ही अट गेली तर कायद्याचा कणाच जाईल. नदीतले मासे संपले आणि शेवाळाचे गुण चांगले म्हणून तिला सरासरीने पास करायचं, हे मनाला पटत नाही. सुधार मोजायचा असेल तर घटकवार आकडे शेजारी छापावेत. परीक्षा सोपी करायचं कारण नाही.

रासायनिक निकालातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट पाऱ्याची आहे. जर्मनी आणि स्वीडन या दोन्ही देशांत पृष्ठभागावरचं झाडून सगळं पाणी रासायनिक परीक्षेत नापास आहे. त्यात उत्तर स्वीडनच्या अरण्यातली, जवळपास कारखाना नसलेली तळीसुद्धा आली. कोळसा जाळल्यावर उडणारा पारा हवेतून येतो आणि मातीत साठतो. तिथून तो तळ्यात, शेवाळात, अळ्यांत आणि माशांत चढत जातो. कायद्याची मर्यादा किलोभर माशामागे २० मायक्रोग्रॅम आहे. बाजारात माणसाला खायला विकायच्या माशांची मर्यादा याहून कितीतरी पट सैल आहे, कारण पाण्याची मर्यादा माशांवरच जगणाऱ्या पाणमांजरांचा आणि पक्ष्यांचा विचार करून ठरवली आहे. पाऱ्यासोबत गाद्या, पडदे, संगणकांची आवरणं यांत आग रोखायला घातलेली ब्रोमीनयुक्त द्रव्यंही सर्वत्र पसरली आहेत. ही सर्वव्यापी जुनी विषं हिशेबातून वगळली तर उत्तीर्ण पाणी २९ वरून सुमारे ८० टक्क्यांवर जातं. याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही खरे आहेत. गेल्या काही दशकांत कारखान्यांच्या नळांवर जे नियंत्रण आलं ते फळलं. आणि जे विष एकदा निसटलं ते परत बाटलीत भरता येत नाही. कोळशाच्या चिमण्या आज बंद केल्या तरी मातीतला पारा अनेक पिढ्या झिरपत राहणार.

नळांवरच्या नियंत्रणाची गोष्ट ऱ्हाइनने सांगावी. १९६०-७० च्या दशकांत तिला युरोपचं गटार म्हणत. फ्रान्समधल्या अल्सासच्या पोटॅश खाणी तिच्यात इतकं मीठ ओतत की शेकडो किलोमीटर खाली, नेदरलँड्समधल्या एका रोपवाटिकेच्या मालकांना रोपांना पाणी देणं परवडेना. त्यांनी खाणीला न्यायालयात खेचलं. जिथे नुकसान झालं तिथेही दावा लावता येतो, असा निकाल युरोपीय न्यायालयाने १९७६ मध्ये दिला, आणि सीमा ओलांडणाऱ्या प्रदूषणाला प्रथमच कायदेशीर पत्ता मिळाला. रॉटरडॅम बंदरातून उपसलेला गाळ समुद्रात टाकण्याच्या लायकीचा राहिला नव्हता. १९८७ मध्ये तो साठवायला स्लुफ्टर नावाचं प्रचंड कुंड बांधावं लागलं. मग बंदराने नदीच्या वरच्या अंगाला कोण काय सोडतो याचा माग काढला आणि कंपन्यांशी एकेक करून करार केले.

त्यातच १ नोव्हेंबर १९८६ ची रात्र आली. बासेलजवळच्या श्वाइत्झरहाले इथे सँडोज कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकं आणि पाऱ्याची संयुगं नदीत गेली. गोदामातल्या रंगाने नदी लाल झाली. सुमारे दीड लाख वाम मासे मेले. लोकांनी रस्त्यावर येऊन जाब विचारला. पुढच्याच वर्षी काठच्या देशांनी ऱ्हाइन कृती कार्यक्रम आखला आणि त्याचं लक्ष्य ठेवलं २००० पर्यंत सॅमन परत आणायचं. मिलिग्रॅमऐवजी मासा हे ध्येय ठेवणाऱ्यांना मी मनापासून दाद देतो. मासा यायचा तर पाणी, गाळ, वाट, विणीची जागा असं सगळंच सुधारावं लागतं. १९९० मध्ये ऱ्हाइनची उपनदी झीग हिच्यात सॅमन पुन्हा दिसला. पुढे मोठ्या बंधाऱ्यांना माशांच्या वाटा बांधल्या गेल्या, इफेत्झहाइमला २००० मध्ये, गाम्ब्सहाइमला २००६ मध्ये. तरीही सॅमनने समुद्रातून निघून बासेलपर्यंत आपल्या बळावर यावं हे २०२० चं उद्दिष्ट पुरं झालेलं नाही. वरच्या ऱ्हाइनवर अजून बंधारे आडवे आहेत.

यशाला तिथे मर्यादा पडते ती भिंतींची. संपूर्ण युरोपात नद्यांवर लहानमोठे किती अडथळे आहेत याची संशोधकांनी २०२० मध्ये मोजदाद प्रसिद्ध केली. आकडा निघाला १२ लाखांच्या वर, म्हणजे सरासरी दर किलोमीटरमागे पाऊण अडथळा. यातली प्रचंड धरणं थोडी. बाकी जुन्या पाणचक्क्यांचे बांध, मोऱ्या, उतार कमी करायला घातलेल्या पायऱ्या. अनेकांचा उपयोग संपलेला आहे आणि मालक कोण हेही कुणाला ठाऊक नाही. वामेसारख्या माशाला सारगासो समुद्रातून येऊन नदीत वर चढायचं असतं. तिच्या पिल्लांची आवक १९८० च्या आधीच्या तुलनेत ९० टक्क्यांहून अधिक घटली आहे. तिथे पाण्याचं रसायन कितीही सुधारा, वाटच बंद असेल तर मासा येणार कुठून? फ्रान्समध्ये सेल्यून नदीवरचं वेझाँ हे ३६ मीटर उंचीचं धरण पाडण्याचं काम २०१९ मध्ये सुरू झालं. २०२३ या एका वर्षात युरोपभरात ४८७ अडथळे काढले गेले. २०२४ च्या निसर्ग पुनर्स्थापना कायद्याने २०३० पर्यंत २५ हजार किलोमीटर नद्या मोकळ्या करायचं ठरवलं आहे. बारा लाखांपुढे हे थोडं आहे, पण दिशा बदलली.

जहाजांसाठी नदी खोल करणं, काठ दगडांनी बांधणं हाही नदीचा देह मोडण्याचाच प्रकार. जर्मनीतली वेझर नदी कंटेनर जहाजांसाठी खोल करायला पर्यावरण संघटनांनी हरकत घेतली. १ जुलै २०१५ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं की एकूण प्रत तीच राहिली तरी एखाद्या जरी घटकाची प्रत एका पायरीने घसरली, तर ती घसरणच, आणि असा प्रकल्प रोखावा लागेल. तेव्हापासून हा कायदा कागदावरचा राहिला नाही.

भिंतींनंतर शेत. इथे माझ्या मते खरी गाठ आहे. कारखान्याच्या नळाला तोंड असतं, मालक असतो. शेतातून निघणाऱ्या नत्राला तोंड नाही. नायट्रेट निर्देश १९९१ पासून आहे, भूजलात लिटरमागे ५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तरी डुकरं आणि गाई जिथे दाटीने पाळल्या जातात तिथे हिशेब जुळत नाही. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावर दर उन्हाळ्यात हिरव्या समुद्री शेवाळाचे थर येतात. कुजताना त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. २००९ मध्ये तिथे एक घोडा मेला आणि स्वार बेशुद्ध पडला. २०११ मध्ये एका नदीमुखाशी तीसहून अधिक रानडुकरं मेली. बाल्टिक समुद्राचं तोंड इतकं अरुंद आहे की आतलं पाणी बदलायला काही दशकं लागतात. १९७४ पासून त्याच्या काठचे देश करारबद्ध आहेत आणि नवा भार घटलाही आहे. पण तळाच्या गाळात साठलेला जुना स्फुरद प्राणवायू संपला की पुन्हा वर येतो. डेन्मार्कमध्ये एप्रिल २०२४ मध्ये लोकांनी व्हायले फ्योर्डची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेतल्या पक्षांनी लागवडीखालच्या मोठ्या क्षेत्रावर पुन्हा वन आणि दलदल आणण्याचा करार केला. दुखण्याच्या मुळाला हात घालणारे असे निर्णय विरळा. बहुतेक देश शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टर मोर्चांपुढे मागे सरले. नेदरलँड्स आणि जर्मनी या श्रीमंत, शिस्तीच्या देशांत परिसंस्था चांगली असलेलं पाणी दहा टक्क्यांनाही पोहोचत नाही, त्याचं मोठं कारण हे आहे.

स्पेनमधल्या मुर्सियाजवळचं मार मेनोर हे सुमारे १३५ चौरस किलोमीटरचं खाऱ्या पाण्याचं खाजण पाहावं. शेजारच्या कोरड्या मैदानात दूरच्या ताजो नदीचं पाणी कालव्याने आलं, भाजीपाल्याची बारमाही शेती उभी राहिली आणि खतांचा निचरा खाजणात उतरला. २०१६ मध्ये पाणी हिरवट सूप झालं आणि तळाचं बहुतेक सागरी गवत गेलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२१ मध्ये प्राणवायूसाठी तडफडणारे मासे काठाला येऊन मेले. कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक तेरेसा व्हिसेंते यांच्या पुढाकाराने सहा लाखांहून अधिक सह्या गोळा झाल्या आणि २०२२ मध्ये स्पेनच्या संसदेने या खाजणाला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला. युरोपातलं हे पहिलंच उदाहरण. त्याच्या नावाने कुणीही नागरिक न्यायालयात जाऊ शकतो. नत्र त्याने लगेच थांबत नाही, पण बोलणारं कुणीतरी उभं राहिलं.

भिंत, खत, मीठ, उष्णता हे सगळं एकत्र आलं की काय होतं ते ओडर नदीने ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवलं. पोलंड-जर्मनीच्या सीमेवर मेलेल्या माशांचा खच पडला. सुमारे ३६० टन मासे काढले गेले. सुरुवातीला सगळे एखाद्या विषाच्या पिंपाच्या शोधात होते, पाऱ्याचीही अफवा उठली. गुन्हेगार निघालं खाऱ्या पाण्यात वाढणारं, विष सोडणारं सोनेरी शेवाळ, प्रिम्नेशियम पार्वम. गोड्या पाण्याच्या नदीत ते वाढलं, कारण खाणींचं खारं पाणी तिच्यात सोडलं जात होतं. उन्हाळ्याने पात्र आटलं होतं, बंधाऱ्यांमुळे पाणी संथ होतं आणि खतांनी पोसलेलं होतं. बोट दाखवावं असा एकच दोषी तिथे नव्हता.

शहरांची बाजू यापेक्षा आशेची आहे. १९९१ च्या सांडपाणी निर्देशाने मैलापाण्याचा प्रश्न बव्हंशी सोडवला. पॅरिसमध्ये १९२३ पासून पोहायला बंदी असलेली सेन नदी, १४० कोटी युरो खर्चून, जुलै २०२५ मध्ये लोकांसाठी खुली झाली. २०२३ मध्ये युरोपातल्या ८५ टक्के स्नानस्थळांचं पाणी उत्कृष्ट ठरलं. ही चांगलीच गोष्ट आहे, पण तिथे आतड्यातले दोन प्रकारचे जिवाणूच मोजतात. माणसाला डुंबायला योग्य पाणी माशाला योग्य असेलच असं नाही. संघातून बाहेर पडलेल्या इंग्लंडमध्ये तर तीही खात्री नाही. २०२३ मध्ये तिथल्या अतिवृष्टीच्या नळांतून एकूण ३६ लाख तास कच्चं मैलापाणी नद्या-समुद्रात गेलं.

आता शुद्धीकरण केंद्रांसमोर नवं काम आहे ते औषधांचं. आपल्याकडची गिधाडं ज्याच्यामुळे जवळपास संपली ते डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक द्रव्य युरोपच्या नद्यांतही आहे. सांध्यांना चोळलेलं मलम धुऊन नाल्यात जातं, नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया त्याला पुरती पकडत नाही, आणि ट्राउट माशांच्या मूत्रपिंडांना इजा होते. गिधाडांत निकामी झालं तेही मूत्रपिंडच. २०१५ मध्ये युरोपने त्याला निरीक्षण यादीत घातलं. स्वित्झर्लंडने २०१६ पासून मोठ्या केंद्रांत ओझोन आणि सक्रिय कोळशाची जादा पायरी आणली. २०२४ च्या नव्या निर्देशात संघानेही ती आणली आणि तिच्या खर्चातला किमान ८० टक्के वाटा औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला. औषध कंपन्या न्यायालयात गेल्या आहेत. या खटल्याचा निकाल मला अनेक नद्यांच्या निकालापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पाण्यात जाणाऱ्या द्रव्याचं बिल ते बनवणाऱ्याकडे जाईल की पाणीपट्टी भरणाऱ्याकडे, हे त्यात ठरेल.

ज्यांचं बिल कुणाकडेच गेलं नाही अशा द्रव्यांत पीफास येतात. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारं कापड, आग विझवणारा फेस यांतली ही हजारो संयुगं निसर्गात जवळजवळ तुटत नाहीत. इटलीतल्या व्हिचेन्झा प्रांतात त्रिस्सिनो गावी मितेनी नावाचा कारखाना ती बनवत होता. २०१३ मध्ये उघड झालं की त्याच्याखालचं भूजल, आसपासच्या नद्या आणि नळाचं पाणी दूषित झालं आहे. सुमारे साडेतीन लाख लोकांना त्याची झळ पोहोचली. मुलांच्या रक्ताचे अहवाल हाती घेऊन तिथल्या आया वर्षानुवर्षं आंदोलन करत राहिल्या. कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोर झाली. जून २०२५ मध्ये व्हिचेन्झाच्या न्यायालयाने तिच्याशी संबंधित ११ अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं.

कारखाना बंद झाल्यावर त्यातली यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली. ती उतरवून, पेट्यांत भरून, जहाजाने रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली गेली. लोट्याच्या खाली दाभोळची खाडी आहे. खाडीत मासे मरतात, अशी तक्रार तिथले मच्छीमार कित्येक वर्षांपासून, ही यंत्रं येण्याच्याही आधीपासून, करत आले आहेत. आपल्याकडे नदीचा पट्टा प्रदूषित ठरवताना मुख्यतः जैविक प्राणवायू मागणी हे एकच माप पाहतात. त्या मापाला पीफास दिसत नाही, पारा दिसत नाही, आणि खाडीत काल कोणता मासा होता आणि आज कोणता आहे हेही दिसत नाही. ते खाडीतल्या होडीवाल्याला ठाऊक असतं. त्रिस्सिनोत पाणी दूषित असल्याचं उघड झालं तोवर ते विष मुलांच्या रक्तात पोचलं होतं. लोट्यात आज खाडीतलं पाणी, गाळ आणि मासे यांचे नमुने घेऊन ठेवले, तर निदान उद्या तुलना करायला आजची नोंद हाताशी असेल.